ऑइलचा दिवा, इंजिनचा ठोका: खोलायच्या आधी काय बघायचं

"दिवा कधी लागतो?" जुनी गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. "लागतो की वो मिस्त्री, कधीपण," असं उत्तर आलं की त्यांना बसवतो, चहा सांगतो आणि पुन्हा विचारतो. सकाळी गार इंजिनला लागतो का दुपारी? सात रस्त्याच्या चौकात एसी लावून उभं असताना लागतो का हायवेला पळताना? वळणावर, ब्रेक दाबल्यावर, का चढावर? आवाज दिव्याच्या आधी येतो का नंतर? गाडी चालवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात जुळे सोलापूरहून एक शिक्षक आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी डिझेल गाडी घेतली होती, २०१२ सालची, मीटरवर १ लाख ३८ हजार. आईला घेऊन तुळजापूरला निघाले आणि घाट चढताना लाल दिवा लागला, बॉनेटखालून टकटक सुरू झाली. वर जाऊन गाडी बाजूला घेतली तर दिवा गेला. सोलापुरात एका ठिकाणी दाखवली. तिथं आवाज ऐकून सांगितलं, "बेअरिंग गेलंय, फुल इंजिन करावं लागंल, सत्तर हजार धरून चाला." सरांचा चेहरा पडलेला होता. ते पैसे मुलीच्या ॲडमिशनला ठेवलेले होते.

मी विचारलं, "दिवा उभ्या गाडीला लागतो का?"

"नाही वो, उभी केली की जातो. चढावर रेस दिली की लागतो."

तिथंच मी त्यांना म्हणालो, सर, आत्ताच घाबरू नका. बेअरिंग गेलेल्या गाडीचं वागणं बरोब्बर याच्या उलट असतं.

ते का, हे समजायला ऑइलचा रस्ता डोळ्यापुढं आणा. खाली चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं. त्यात बुडालेली एक जाळी, जाळीला नळी, नळी पंपाला. पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, तिथून ते क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगला आणि वर हेडला जातं. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या बारीक फटींमुळं. नळाला पाणी आल्यावर पाइपच्या तोंडावर बोट धरलं की धार लांब जाते, बोट काढलं की मरते. बेअरिंग म्हणजे ते बोट. नव्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँकमधली फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. ती झिजून वाढली की बोट सुटलं. मग गरम, पातळ ऑइलला आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, प्रेशर मिळत नाही, पण रेस वाढवली की पंप जास्त ढकलतो आणि प्रेशर वर येतं. म्हणजे बेअरिंगचा दिवा उभ्या गाडीला लागतो आणि रेस दिली की जातो.

आता विहिरीतली मोटार आठवा. फुटव्हॉल्व्हला पाला अडकला तर मोटार जितकी जोरात ओढेल तितका पाला घट्ट चिकटतो. चेंबरमधली जाळी तुंबली की हेच होतं. आयडलला थोडं ऑइल लागतं, तेवढं मिळतं. चढावर रेस दिली की पंपाला ओढ बसते, ऑइल पुरत नाही, दिवा लागतो. सरांच्या गाडीची हकीकत ही होती. पण हकीकतीवर इंजिन खोलायचं नसतं आणि सोडूनही द्यायचं नसतं. मोजायचं असतं.

माझं गॅरेज अक्कलकोट रोडला आहे, शेजारी यंत्रमागाचं शेड. वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते. चार माग एकदम चालत असताना एखाद्याचा धोटा नीट पळत नाही, हे त्यांना पाठमोरं असताना कळायचं. आवाज ऐकायची सवय मला त्यांच्याकडून लागली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण गॅरेज टाकल्यावर पहिल्याच वर्षी नुसत्या कानाच्या भरवशावर मी एका माणसाचं इंजिन खोललं. क्रँक आरशासारखा निघाला. खराब झाला होता तो दिवा लावणारा ऑइलचा स्विच, आणि आवाज येत होता अल्टरनेटरच्या बेअरिंगचा. धंद्याची गाडी होती, अकरा दिवस बंद राहिली. त्या माणसानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, ते मला अजून लागतं. तेव्हापासून प्रेशर गेज लावल्याशिवाय मी अशा गाडीचा एकही बोल्ट फिरवलेला नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट, गाडी कुणाचीही असो. चालू गाडीत लाल ऑइलचा दिवा लागून राहिला तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" असं म्हणून चालवत आणू नका. ऑइलच्या थरावाचून बेअरिंग खायला दोन किलोमीटर पुष्कळ झाले. टो करून आणा.

गाडी थांबली की ऑइलची पट्टी (डिपस्टिक) बघा. सपाट जागेवर, बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पट्टी एकदा पुसायची, परत घालायची, मग वाचायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा, मग ते कुठं गेलं ते शोधा: गळतंय का जळतंय. वरच्या खुणेच्या बरंच वर असेल तर तेही वाईटच. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करतो, आणि फेसाला प्रेशर नसतं. न भरता पातळी आपोआप वाढली असेल तर नाक लावा. पेट्रोल किंवा डिझेलचा वास आला तर इंधन खाली उतरतंय, ऑइल पातळ झालंय. दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर कूलंट मिसळलंय, ती गाडी चालूच करू नका. मी एक थेंब बोटांच्या चिमटीत घासूनही बघतो. काळं डिझेल ऑइल म्हणजे बिघाड नव्हे, ते काळंच असतं. चिमटीत बारीक वाळूसारखं लागलं तर मात्र काळजी.

ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकलंय तेही विचारा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, आणि "सोलापूरच्या उन्हाला जाड ऑइलच पाहिजे" असं समजून लोक ५डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओततात. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेड दिलेली असते, तीच वापरा. जाड ऑइलनं गेजवरचा आकडा फुगतो, पण सकाळी चालू केल्यावर ते हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि बरीच झीज त्याच वेळेत होते.

मग दिवा स्वतः खरं बोलतोय का ते तपासा. चावी ऑन केली, स्टार्ट नाही केलं, की ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. चालू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत गेला पाहिजे. स्विचचा प्लग ऑइलनं भिजला असेल, वायर घासली असेल, स्विचच पाझरत असेल, तर दिवा खोटा लागतो. स्विच बदलणं स्वस्त पडतं, म्हणून लोक आधी तोच बदलतात आणि दिवा गेला की खूश होतात. असं करू नका. बहुतेक गाड्यांत हा स्विच ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास चालतो. त्याला 'फार कमी' आणि 'त्याच्या वर' एवढंच कळतं. प्रेशर ०.६ असेल तरी दिवा विझलेला राहील आणि क्रँक उपाशी राहील. दिवा नाही म्हणजे प्रेशर चांगलं, असं धरून चालणाऱ्यांची इंजिनं मी बांधलेली आहेत.

म्हणून गेज. इलेक्ट्रिक नको, साधं मेकॅनिकल, जाड रबरी होजचं. ऑइलचा स्विच काढायचा आणि त्या भोकात ॲडॉप्टर बसवून गेजची होज लावायची. आटे जुळलेच पाहिजेत. बळजबरीनं पिळलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि नसतं काम मागं लागतं. होज एक्झॉस्टला आणि बेल्टला लागणार नाही अशी बांधा. चालू केल्यावर आधी जोड पाझरतोय का ते बघा, कारण गरम ऑइल प्रेशरनं अंगावर आलं तर भाजतं. बाह्या दुमडा, गळ्यात रुमाल-उपरणं ठेवू नका.

पहिलं रीडिंग गार इंजिनवर घ्या. नंतर गाडी पुरती गरम होऊ द्या. नुसता पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे. ऑइल मागाहून तापतं, मी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणतो. मग आयडलवर, १५०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे), २५०० वर आकडे घ्या आणि लिहून ठेवा. तुमच्या इंजिनचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. ढोबळ हिशेब म्हणून दर हजार आरपीएमला १० पीएसआय धरतात. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. गरम आयडलला एक बारच्या आसपास आणि २५०० ला दोन-अडीचच्या वर असेल तर बहुतेक छोट्या गाड्यांची मला काळजी वाटत नाही.

आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. गार असताना भरपूर, गरम झाल्यावर आयडलला पडतो आणि रेसबरोबर चढतो, पण सगळीकडं थोडा थोडा कमी: बेअरिंगची झीज, पातळ झालेलं ऑइल नाहीतर थकलेला पंप. गार असो वा गरम, काटा एका कमी आकड्याच्या वर जातच नाही: रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकलाय का ते बघा. काटा थरथरतो: पंप हवा ओढतोय. पातळी कमी असेल, नाहीतर जाळीच्या नळीची ओ-रिंग कडक होऊन चिरली असेल. ही ओ-रिंग फुटकळ किमतीची असते आणि पुरं इंजिन झोपवते.

सरांच्या गाडीला गेज लावलं. गरम आयडलला ०.९. चांगलं. १५०० ला १.५. मी गॅरेजमधल्या मुलाला म्हणालो, दे रेस, अडीच हजारावर धरून ठेव. काटा १.७ पर्यंत चढला, क्षणभर थांबला आणि हळूहळू खाली यायला लागला. रेस तेवढीच. १.३, १.०, ०.८. वरून टकटक सुरू झाली. सर माझ्या शेजारी वाकून काट्याकडं बघत होते. मी रेस सोडायला सांगितली, अर्ध्या मिनिटात काटा पुन्हा ०.९ वर स्थिर. झिजलेलं बेअरिंग असं वागत नाही.

आता आवाजाकडं येऊ. प्रेशर कमी आणि आवाज, ही दोन दुखणी एकाच वेळी दिसली तरी ती एकाच मुळाची असतील असं धरू नका.

आवाज दोनदा ऐकायचा, सकाळी पहिल्या स्टार्टला आणि पुरतं गरम झाल्यावर. माझ्याकडं दिवसभर मागांचा खडखडाट असतो, म्हणून लाइट गेली की मी हातातलं काम टाकून आधी स्क्रू ड्रायव्हर घेतो. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला, टोक इंजिनला. पंखा आणि बेल्टपासून लांब. टोक एकेका जागी ठेवत जा: टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), ब्लॉकची बाजू, चेंबर, पुढचं टायमिंग कव्हर, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर. जिथं आवाज जवळ आला तिथं थांबा. पुढच्या बाजूचा संशय असेल तर बेल्ट काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवा. आवाज गेला तर इंजिनला हात लावायची गरजच नाही, पुली, टेन्शनर नाहीतर अल्टरनेटर बघा. ज्या गाडीत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर आहे तिथं मिनिटभराच्या वर चालवू नका.

वरून येणारी बारीक, एकसारखी टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ती आयडलला मोजता येईल इतकी सावकाश असते. हायड्रॉलिक टॅपेट प्रेशर पडलं की बोलतात, प्रेशर आलं की गप्प होतात. हुबेहूब तशीच टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तरी येते. गार असताना जास्त, गरम होऊन लोखंड फुगलं की कमी. मॅनिफोल्डच्या जोडाजवळ काजळी दिसते. सकाळी फक्त दोन-तीन सेकंद खर्रकन आवाज येऊन बंद होत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर, नाहीतर डुप्लिकेट फिल्टर. त्यातला रबरी पडदा कडक झाला की रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी वरचे भाग कोरडे असतात. गार असताना पोकळ टपटप आणि गरम झाल्यावर गायब, ती पिस्टनची. तशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात.

भ्यायचं ते ठोक्याला. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा ठोका लाकडावर हातोडी मारल्यासारखा, जड. रेस सावकाश दोन-अडीच हजारावर न्या आणि एकदम सोडा. खाली येताना ठक-ठक-ठक असा मोकळा ऐकू आला, गरम झाल्यावर वाढला, तर तोच. खात्री करायला एकेक सिलिंडर बंद करून बघायचा. पेट्रोल गाडीत इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा प्लग काढा, चालू करून ऐका, पुन्हा बंद करून लावा, मग पुढचा. ज्या सिलिंडरला ठोका दबतो तो दोषी. जुन्या पंपाच्या डिझेलला इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायची पद्धत आहे. नव्या कॉमन रेल डिझेलला ती चुकूनही वापरू नका. तिथं हजार बारच्या वर प्रेशर जातं, त्या धारेनं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येते. हे मी गॅरेजमधल्या मुलांना दर महिन्याला बजावतो. मेन बेअरिंगचा (ज्यावर क्रँक फिरतो त्याचा) आवाज याहून खोल, चेंबरच्या बाजूनं, लोड आल्यावर गुमगुमतो, आणि एक सिलिंडर बंद करून फारसा बदलत नाही.

इंजिन न खोलता आत डोकवायची आणखी एक खिडकी आहे, ती बहुतेक लोक कचऱ्यात टाकतात: जुना फिल्टर. पत्रा कापा, आतला कागद काढा, निथळू द्या आणि घडी उलगडून उन्हात धरा. करवतीनं कापू नका, तिचाच कीस आत पडतो. कागदावर चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड, चेन किंवा कॅमकडचं. न चिकटणारी चंदेरी चमक बेअरिंगच्या वरच्या थराची नाहीतर पिस्टनची, आणि तांब्यासारखा रंग दिसला तर बेअरिंग तळापर्यंत खाल्लंय. सरांच्या फिल्टरचा कागद स्वच्छ होता, पण एका घडीत राखाडी रबरासारखे तीन-चार तुकडे अडकले होते. बोटानं दाबले तर लवचिक. सिलिकॉन, म्हणजे जोड गळू नये म्हणून लावतात ती पेस्ट.

मग चेंबर उतरवलं. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चेंबरला खालून वाटीएवढा पोचा होता, कुठल्यातरी स्पीडब्रेकरचा नाहीतर दगडाचा. पोच्यामुळं पत्रा जाळीला जवळजवळ टेकला होता. आणि आधी कुणीतरी चेंबर लावताना सिलिकॉन सढळ हातानं लावलेलं. बाहेर पिळून आलेलं जितकं दिसतं तितकंच आतही आलेलं असतं, ते सुटून जाळीला जाऊन बसतं. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग राखाडी तुकडे आणि काळ्या साईनं बंद होता. मी ती तशीच सरांच्या हातात दिली. त्यांनी नखानं एक तुकडा काढला आणि बराच वेळ बघत राहिले.

चेंबर उतरलेलंच होतं म्हणून एका रॉडची कॅप काढून बेअरिंग बघितलं. करडं, एकसारखं, ओरखडा नाही. कॅप मॅन्युअलच्या टॉर्कनं परत बसवली. तिचे बोल्ट काही इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, ते आधी बघून घ्या. इथं बेअरिंगवर तांबं दिसलं असतं किंवा क्रँकला नख अडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मग क्रँक लेथवर न्यायचा, मोजायचा, ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं) बेअरिंग घालायचं, सोबत पंपही बघायचा. खाल्लेल्या क्रँकवर नुसतं नवं बेअरिंग सरकवून गाडी परत देणारे आहेत. तसलं काम करून घेऊ नका, ठोका थोड्याच दिवसांत परत येतो.

जाळी धुतली, ओ-रिंग नवी घातली, चेंबरचा पोचा काढला. सिलिकॉनची बारीक, एकसंध रेघ बोल्टच्या भोकांच्या आतून फिरवली आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ सुकू दिली. त्यानंतर नवं ऑइल, नवा फिल्टर. फिल्टर उभा बसत असेल तर मी तो आधी ऑइलनं भरून घेतो.

जुनी गाडी घ्यायला जाणार असाल तर यातलं बरंच काही तिथंच वापरता येतं. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण पहिल्या स्टार्टचा आवाज त्यांनी संपवलेला असतो. चावी ऑनला ऑइलचा दिवा लागला नाही तर बल्ब गेलाय, नाहीतर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. बॅटरीच्या दिव्याला जोडून दिलेलाही मी पाहिलाय. दोन्ही दिवे नेमके एकाच क्षणी जात असतील तर स्विचची वायर हातानं काढून बघा, ऑइलच्या दिव्यात फरक पडतो का. विकायच्या आधी ठोका दाबायला जाड ऑइल आणि डबीतलं औषध ओततात, म्हणून अर्धा तास चालवा, एसी लावून, आणि गरम झाल्यावर परत ऐका. खाली वाकून चेंबर बघा: पोचा आहे का, कडेला सिलिकॉनचे ताजे ओघळ आहेत का. मालक गेज लावू देत असेल तर लावाच. देत नसेल तर मी ती गाडी सोडतो, कितीही स्वस्त असली तरी.

सरांच्या गाडीचे आकडे मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिले, तारीख आणि किलोमीटर घालून: गरम आयडल १.२, २५०० ला ३.०. टॅपेटची टिकटिक पहिल्या दिवशी थोडी होती, हवा निघाली तशी तिसऱ्या दिवशी गेली. मी त्यांना पाचशे किलोमीटरनंतर परत बोलावलं होतं. ते आईला तुळजापूरला नेऊन, घाट चढून-उतरून थेट गॅरेजवरच आले, गाडी तापलेलीच होती. आम्ही गेज लावलं. आयडल १.२. मुलानं रेस अडीच हजारावर धरली, मिनिटभर तशीच धरून ठेवली. काटा तीनवर होता, हलला नाही. त्याच मार्करनं मी खाली दुसरी ओळ लिहिली.